आधी परीक्षा ठरवा, मग कॉलेज : अकरावी सायन्सचा फॉर्म भरण्याआधी एवढं वाचा

कळंब (प्रतिनिधी) : दहावीचा निकाल लागला की आपल्याकडं दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. पेरणीची गडबड आणि अकरावीची गडबड. एसटी स्टँडच्या भिंतीवर क्लासचे बॅनर लागतात, शाळेतून नंबर कुठून मिळाला माहीत नाही पण बापाच्या मोबाईलवर फोन येऊ लागतात. "सर, तुमच्या पाल्याला स्कॉलरशिप लागलीय, उद्याच येऊन सीट फिक्स करा." बियाणाला पैसा लागतो, खताला लागतो, आणि त्यातच लेकराच्या दोन वर्षांचा निर्णय चार दिवसांत घ्यायचा असतो.

गेल्या दोन-तीन सिझनमध्ये अनेक पालकांनी विचारलं, "कॉलेज कोणतं चांगलं? लातूरला टाकू का इथंच ठेवू?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा : बारावीनंतर लेकरू कोणत्या परीक्षेला बसणार? ते ठरलं की विषय ठरतात, विषय ठरले की कॉलेज ठरतं. आपल्याकडं बहुतेक घरांत हे उलटं होतं. आधी कॉलेज, मग तिथं जे विषय मिळतील ते, आणि बारावीच्या फेब्रुवारीत कळतं की ज्या कोर्सला जायचंय त्याचा विषयच घेतलेला नाही.

म्हणून हा लेख. यात फक्त सायन्सकडं जाणाऱ्यांचं सांगितलंय. आर्ट्स, कॉमर्स कमी आहे म्हणून नाही. एमपीएससी, यूपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यासाठी सायन्सच घ्यायला पाहिजे हा गैरसमज आहे. पण सायन्समध्ये फाटे जास्त आहेत आणि चुकलेला फाटा महाग पडतो.

पीसीएम, पीसीबी, पीसीएमबी : भानगड काय आहे?

अकरावी-बारावी सायन्सला सहा विषय असतात, ६०० मार्कांचे. इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं. फिजिक्स आणि केमिस्ट्री बहुतेक सगळेच घेतात. एक दुसरी भाषा, म्हणजे मराठी, हिंदी वगैरे, किंवा त्या जागी आयटी. हे झाले चार. उरलेल्या दोन जागांवर काय घेता, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

दोन्ही जागांवर गणित आणि बायोलॉजी घेतलं तर ते पीसीएमबी. गणित घेऊन बायोलॉजी सोडलं, त्या जागी भूगोल किंवा दुसरा विषय घेतला तर पीसीएम. बायोलॉजी ठेवून गणित सोडलं तर पीसीबी.

सायन्सला गणित सक्तीचं नाही, हे अजून बऱ्याच पालकांना माहीत नसतं. आणि पोरांना ते फार लवकर कळतं. दहावीत भूमितीनं छळलेलं पोरगं पहिल्या आठवड्यातच गणित सोडून मोकळं होतं. सोडायला हरकत नाही, पण काय सोडतोय ते कळून सोडावं.

कोणत्या विषयानं कोणतं दार उघडतं?

हा भाग नीट वाचा, जमलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

गणित असेल तर (पीसीएम) : इंजिनिअरिंगची पदवी, आयआयटी, एनआयटी. एनडीएमधून नेव्ही किंवा एअर फोर्समध्ये जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित पाहिजेच. एनडीएतून आर्मीला कोणत्याही शाखेचा बारावीवाला चालतो, पण लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० मार्कांचा गणिताचा पेपर असतोच, हे विसरू नका.

बायोलॉजी असेल तर (पीसीबी) : एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, व्हेटर्नरी म्हणजे जनावरांचे डॉक्टर, बीएस्सी नर्सिंग.

दोन्हीपैकी काहीही चालेल असे : बीएस्सी ॲग्री आणि बी. फार्मसी. यांना सीईटी लागते, पण पीसीएम गटातून द्या किंवा पीसीबी गटातून द्या, दोन्ही चालतं. डी. फार्मसीला बारावी सायन्सच्या मार्कांवर प्रवेश होतो, तिथंही दोन्ही गट चालतात.

ॲग्रीला जायचं म्हणून बायोलॉजी घेतलंच पाहिजे असं सांगणारे गावोगाव आहेत. तसं नाही. आणि शेतकऱ्याच्या लेकरांनी एक ध्यानात ठेवा, ॲग्रीच्या प्रवेशात सातबाराधारकांना जादा गुणांचा अधिभार मिळत आलाय. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ते बघा आणि सातबारा, नात्याचा पुरावा वेळेत काढून ठेवा.

मग पीसीएमबी घेऊन दोन्ही दारं उघडी ठेवावीत का? ज्याचं मन अजून ठरलेलं नाही, पण गणितही झेपतं आणि बायोलॉजीही आवडतं, त्यानं जरूर घ्यावं. एखादा विषय नंतर सोडणं सोपं, नंतर जोडणं अवघड. पण त्याची किंमत आहे. गणिताचा सराव रोज लागतो, बायोलॉजीचं पाठांतर रोज लागतं आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्हीची प्रॅक्टिकल. दोन बैलांचं काम एका बैलावर टाकल्यासारखं होतं. अकरावी संपेपर्यंत एक बाजू नक्की करायची असं ठरवूनच पीसीएमबी घ्यावं. बारावीच्या डिसेंबरपर्यंत दोन्ही दगडांवर पाय ठेवलेलं पोरगं दोन्हीकडून घसरतं.

तीन परीक्षा, तीन वेगळे रस्ते

आता मुख्य मुद्दा. सीईटी, नीट, जेईई ही तीन नावं एका दमात घेतली जातात, बॅनरवरही एकत्रच छापलेली असतात. पण त्यांचा अभ्यास एक नाही.

एमएचटी-सीईटी : ही आपल्या राज्याची. राज्यातल्या इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्रीच्या जागांसाठी. पीसीएम गटाला २०० मार्क, त्यातले १०० एकट्या गणिताचे. पीसीबी गटालाही २०० मार्क, त्यातले १०० बायोलॉजीचे. प्रश्न महाराष्ट्र बोर्डाच्याच पुस्तकावर येतात. साधारण ८० टक्के बारावीवर, २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांवर. चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत. म्हणजे जे पोरगं बोर्डाचं पुस्तक कोळून पितं, त्याची सीईटीची निम्म्याहून जास्त तयारी तिथंच होते. राहतं ते वेगाचं आणि सरावाचं.

नीट : डॉक्टरकीची, देशभर एकच. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यातले ३६० बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं तर १ कापतात. अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांवर चालतो आणि अकरावी-बारावी दोन्ही वर्षांचं येतं. २०२४ साली देशात २४ लाखांच्या वर पोरांनी अर्ज भरला होता. एमबीबीएसच्या जागा त्या वर्षी देशात सव्वा लाखाच्या आत होत्या, त्यातल्या सरकारी निम्म्याच्या आसपास. खासगी कॉलेजची फी आपल्या शेताच्या किमतीत मोजावी लागते. हे घाबरवायला सांगत नाही. बीएएमएस, बीएचएमएस, व्हेटर्नरीलाही नीटचाच स्कोअर लागतो, म्हणून तो रस्ता अगदीच अरुंद नाही. पण 'नीट म्हणजे एमबीबीएस' एवढंच डोक्यात ठेवून घर गहाण टाकू नका.

जेईई : दोन पायऱ्यांची. जेईई मेन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये होते, ३०० मार्कांची. त्यातून वरचे अडीच लाख जेईई ॲडव्हान्सला बसतात, तिथून आयआयटी. प्रश्न सगळ्यात वाकडे इथं येतात. सूत्र पाठ असून चालत नाही, दोन-तीन धडे एकत्र करून डोकं लावावं लागतं. शिवाय एनआयटी, आयआयटीसाठी बारावीला ७५ टक्क्यांची अट आहे (एससी, एसटीला ६५), म्हणून बोर्डाकडं पाठ फिरवून चालत नाही.

पर्सेंटाइलचाही घोळ मिटवून टाकू. सीईटीला ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. त्याच्याइतके किंवा त्याच्यापेक्षा कमी मार्क असणारी पोरं शंभरात ९० आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या पोराला ९० पडले म्हणून त्याला २०० पैकी १८० पडले असं समजू नका आणि आपल्या पोराला त्यावरून टोमणे मारू नका.

आता बघा, ज्या लेकराला इंजिनिअरिंग करायचंय आणि राज्यातलं चांगलं कॉलेज मिळालं तरी समाधान आहे, त्याची परीक्षा सीईटी आहे. त्याला जेईईचा महागडा क्लास लावणं म्हणजे चार एकर कोरडवाहूला ऊस तोडायचं मशीन घेणं.

द्विलक्षी, म्हणजे बायफोकल

हा पर्याय आपल्या तालुक्यांत कमी लोकांना माहीत आहे. द्विलक्षीमध्ये दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय काढून त्या दोन्हींच्या जागी २०० मार्कांचा एक व्यवसाय विषय मिळतो. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स, डेअरी, फिशरी असे विषय असतात. प्रत्येक कॉलेजला सगळे मिळत नाहीत.

फायदा काय? फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित किंवा बायोलॉजी कायम राहतं, त्यामुळं सीईटीची पात्रता जात नाही. या विषयांत प्रॅक्टिकलचा वाटा मोठा, म्हणून मन लावून केलं तर मार्कही बरे पडतात. भाषेचा आणि भूगोलाचा वेगळा अभ्यास वाचतो. तोटा एवढाच की पीसीएम अधिक द्विलक्षी घेतलं की बायोलॉजीला जागाच उरत नाही, आणि पीसीबी अधिक द्विलक्षी घेतलं की गणिताला. म्हणजे पूर्ण ठरलेल्या पोरालाच हे घ्यावं. प्रवेश घेताना लॅब सुरू आहे का आणि शिकवायला माणूस आहे का, हे डोळ्यांनी बघून या. त्याची फी बऱ्याच ठिकाणी वेगळी असते, तीही विचारा.

इंटिग्रेटेड : पैसे देण्याआधी थांबा

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. इंटिग्रेटेड किंवा टाय-अप म्हणजे पोराचं नाव एका ज्युनिअर कॉलेजात, आणि दिवसभर बसायचं क्लासमध्ये. कॉलेजात जायचं ते प्रॅक्टिकलपुरतं आणि परीक्षेपुरतं. कधी कधी तेवढंही नाही.

क्लास वाईट असतात असं म्हणणं नाही. नीट, जेईईच्या तयारीत शिकवणारे चांगले सर, रोजच्या टेस्ट, बरोबरीची पोरं यांचा फरक पडतो. लातूरचं नाव राज्यभर झालं ते मेहनतीनं आणि शिस्तीनंच. पण दोन गोष्टी बघा.

पहिली, हजेरी. बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. २०१८ साली राज्य सरकारनं याच प्रकाराला आळा घालायला मोठ्या शहरांच्या जिल्ह्यांत सायन्सच्या पोरांची बायोमेट्रिक हजेरी घ्यायचा आदेश काढला होता. म्हणजे कागदावर एक आणि खरं एक असा व्यवहार असेल तर धोका कॉलेजला कमी, तुमच्या लेकराला जास्त.

दुसरी, फी. दोन वर्षांचा आकडा सहज लाखाच्या पुढं जातो, हॉस्टेल आणि मेस वेगळी. आणि ती एकदम मागतात.

माझ्या नात्यातल्या एका पोराचं सांगतो. दहावीला ८८ टक्के पडले. घरात कुणीतरी म्हणालं डॉक्टर करा. उसाचं बिल नुकतंच जमा झालं होतं, ते सगळंच्या सगळं एका क्लासला दोन वर्षांची फी म्हणून भरलं. गणित सोडायला लावलं. दिवाळीला पोरगं घरी आलं ते परत जायचं नाव घेईना. त्याला मोटार, इंजिन उघडून बघायचा नाद, बेडकाचं पोट बघायचा नव्हे. बापानं क्लासकडं उरलेली फी मागितली, तर पावतीच्या मागं बारीक अक्षरात 'फी परत मिळणार नाही' असं छापलेलं दाखवलं. पोरगं तालुक्याच्या कॉलेजात परत आलं, पण गणित गेलं ते गेलंच. पीसीबीतून सीईटी दिली, आता बी. फार्मसी करतंय. वाईट चाललंय असं नाही. पण घरच्या इंजिनाचा आवाज बदलला की अजून तोच पहिल्यांदा उठतो.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १६ वर्षांखालच्या किंवा दहावी न झालेल्या पोराला प्रवेश देऊ नये, खोट्या निकालाच्या जाहिराती करू नयेत, आणि पोरानं मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी हिशेबानं परत करावी असं सांगितलंय. हे माहीत असावं, बोलताना उपयोगी पडतं. पण भांडून पैसे मिळवण्यापेक्षा आधीच हप्ते पाडून घेणं शहाणपणाचं.

क्लासमध्ये गेलात तर हे विचारा :

फी हप्त्यानं घेता का? पहिल्या हप्त्यात किती?
मध्ये सोडलं तर किती परत? हे पावतीवर लिहून द्या.
गेल्या वर्षी एकूण किती पोरं बसली आणि त्यातली किती लागली? (बॅनरवर लागलेलीच असतात, बसलेली नसतात.)
जे सर आज डेमो देतायत, तेच वर्षभर शिकवणार का?
कॉलेज कोणतं, ते इथून किती लांब, प्रॅक्टिकल कुठं होतात?
माझं लेकरू कोणत्या बॅचमध्ये? पहिल्या बॅचला चांगले सर आणि बाकीच्यांना कुणीही, असं तर नाही ना?

सरळ उत्तर मिळालं तर विचार करा. "सर, आजच्या दिवसच ही ऑफर आहे" असं म्हणाले तर उठून या. दुकान पळून जात नाही.

सायन्स न घेता इंजिनिअर : डिप्लोमा

दहावीनंतर थेट पॉलिटेक्निक, तीन वर्षांचा डिप्लोमा. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. हिशेब करा. अकरावी-बारावी दोन वर्षं आणि पदवीची चार, म्हणजे सहा. डिप्लोमा तीन आणि पदवीची उरलेली तीन, म्हणजे सहाच. वेळ तेवढाच लागतो. थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर नंबर लागतो. आणि सहाव्या वर्षाआधी घरी अडचण आली तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात एक पूर्ण कोर्स असतो, त्यावर नोकरी किंवा अप्रेंटिसशिप मिळते. नुसत्या बारावी सायन्सवर तसं काही मिळत नाही.

यातही खाचखळगे आहेत. पहिल्याच वर्षी गणित जड जातं. नंतर मन बदललं तर डॉक्टरकीचा, ॲग्रीच्या पदवीचा रस्ता राहत नाही. आयआयटीलाही असं थेट जाता येत नाही. पण ज्याचं इंजिनिअरिंग पक्कं आहे, हातानं काम करायची आवड आहे आणि घरची परिस्थिती बेताची आहे, त्याच्यासाठी सरकारी पॉलिटेक्निक हा अकरावी सायन्सपेक्षा सरळ रस्ता ठरू शकतो. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं.

मराठी मीडियमच्या लेकरांचं काय?

दहावीपर्यंत 'वेग', 'त्वरण', 'संयुजा' शिकलेलं लेकरू अकरावीत जातं आणि सगळं इंग्रजीत. पहिल्या युनिट टेस्टला दहावीचा हुशार पोरगा नापास होतो आणि घरात म्हणतात, मोबाईलनं बिघडला. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, त्याला फक्त शब्द कळत नसतात. हे तीन-चार महिने टिकतं. तोपर्यंत धीर धरायला पाहिजे, घरच्यांनीही.

दिलासा असा की नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येते. सीईटीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रश्नही मराठीत मिळतात, गणित मात्र इंग्रजीतच. भाषा फॉर्म भरतानाच निवडावी लागते. जेईई ॲडव्हान्स फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे. एनसीईआरटीची पुस्तकं मराठीत नाहीत. त्यामुळं पेपर मराठीत मिळाला तरी अभ्यास इंग्रजीतूनच होतो, आणि परीक्षेत मराठी शब्द बघून पोरं आणखी गोंधळतात. ज्या भाषेत अभ्यास केला त्याच भाषेत पेपर द्यावा, हे साधं सूत्र.

गावाजवळ का शहरात?

आता कुठं हा प्रश्न येतो बघा. परीक्षा सीईटी असेल, पोरगं स्वतःहून बसणारं असेल आणि तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्सला आणि गणिताला शिकवणारे सर खरोखर असतील, तर शहरात पाठवायची घाई नाही. अनुदानित तुकडीची फी फारच कमी असते. कॉलेज अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, हे विचाराच, कारण एकाच कॉलेजात दोन तुकड्यांच्या फीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना सवलतीचा आहे.

पण सर नसतील, लॅबला कुलूप असेल, तर जवळ म्हणून तिथं ठेवणंही बरोबर नाही. त्याच कॉलेजात आत्ता बारावी झालेल्या दोन पोरांना गाठा. रोज किती तास व्हायचे, प्रॅक्टिकल खरंच व्हायची का, हे ते खरं सांगतील. प्राचार्यांच्या केबिनमध्ये सगळंच चांगलं असतं.

आणि मुलींच्या बाबतीत एक. 'पोरीला लांब पाठवायचं नाही' म्हणून गावाजवळ जे विषय मिळतात तेच घ्यायला लावतात. तिला गणित येत असून आर्ट्स घ्यावं लागतं. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केलीय. प्रवेश सरकारी कॅप राऊंडमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसीच्या फीचं ओझं आता बरंच उतरलंय. अकरावीला विषय चुकला तर मात्र त्या माफीचा उपयोग नाही.

फॉर्म आणि कागदं

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालाय, आपल्या तालुक्यातसुद्धा. फॉर्ममध्ये कॉलेजचे पसंतीक्रम द्यावे लागतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून कॅफेवाल्यानं सुचवलं म्हणून पहिल्या नंबरला काहीही टाकू नका. ओटीपीसाठी नंबर घरचाच द्या, आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. क्लासवाल्याला किंवा कुणा दलालाला तो देऊ नका.

ज्यांना आरक्षणाचा फायदा घ्यायचाय त्यांनी जातपडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकावा. सीईटीत चांगले मार्क पडूनही पडताळणी नसल्यानं ओपनच्या फीवर प्रवेश घ्यायची वेळ दरवर्षी कुणावर तरी येते. नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल यांचं काम बारावीच्या उन्हाळ्यावर ढकलू नका, तेव्हा सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या अकरावी सायन्सच्या पोरांना महाज्योतीकडून जेईई, नीट, सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण मिळतं, सोबत टॅब आणि इंटरनेट डेटाही दिला जातो. अर्ज दहावीनंतरच निघतात, तारीख बघत राहा. एससीसाठी बार्टी आणि मराठा, कुणबी समाजासाठी सारथी या संस्था आहेत, त्यांच्या योजनांची चौकशी जिल्ह्याच्या ठिकाणी करा.

मग ठरवायचं कसं?

दहावीच्या एकूण टक्क्यांवर जाऊ नका. त्यात बेस्ट फाइव्ह असतं, कलेचे, खेळाचे वाढीव मार्क असतात. गणिताचे ८० पैकी आणि विज्ञानाचे ८० पैकी लेखी मार्क वेगळे काढून बघा. आतले २० मार्क शाळेच्या हातातले असतात, ते बाजूला ठेवा. एकूण ९१ टक्के आणि गणिताच्या लेखीत ४८, तर लेकरू काय सांगतंय ते कळतं.

दुसरं, बिनपैशाची परीक्षा घ्या. बालभारतीच्या वेबसाइटवर अकरावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. फिजिक्स, गणित आणि बायोलॉजीचे पहिले दोन-दोन धडे मोबाईलवर उतरवून पंधरा दिवस लेकराला वाचू द्या, सुटतील तेवढी उदाहरणं सोडवू द्या. सध्याच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. गणित सोडलं म्हणजे गणितातून सुटलो, हा भ्रम तिथंच जातो. कोणतं पुस्तक ते स्वतःहून दुसऱ्यांदा उघडतं, एवढं लांबून बघा. त्यावरून जेवढं कळेल तेवढं कोणत्याही समुपदेशकाच्या फीमध्ये कळणार नाही.

तिसरं, लेकराला विचारा. 'काय व्हायचंय' असं विचारू नका, त्याचं उत्तर पाहुण्यांनी आधीच पाठ करून घेतलेलं असतं. 'दोन वर्षं रोज कोणता विषय घेऊन बसशील?' असं विचारा.

एवढं झालं की एका कागदावर तीन ओळी लिहा : परीक्षा कोणती, विषय कोणते, खर्च किती झेपतो. त्या कागदात बसेल ते कॉलेज पहिल्या पसंतीला टाका. आणि तोपर्यंत क्लासवाल्यांचा फोन आला तर सांगा, पेरणी चालू आहे, नंतर बोलू.